एकास बारा

भोपाळच्या कोलार रोडवरच्या आमच्या फ्लॅटचा हॉल दहा बाय बारा आहे. बिल्डरने नकाशात त्याच हॉलमध्ये सोफा, सहा खुर्च्यांचं टेबल आणि कोपऱ्यात एक झाड दाखवलं होतं. ते सगळं कोणत्या प्रमाणात काढलं होतं, हे ताबा घेतल्यावर कळलं. मी जन्मभर सरकारी खात्यात मानचित्रकार, मराठीत ड्राफ्ट्समन, होतो आणि तरीही फसलो. झाड आता जिन्यात असतं.

या हॉलमध्ये चैत्रात चैत्रगौर येते. शुद्ध तृतीयेला पाळण्यात बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. महिनाभर राहायला आलेल्या माहेरवाशिणीला ‘जरा सरक’ कोण म्हणणार? आम्हीच सरकतो. हळदीकुंकू एका संध्याकाळचं, पण आरास त्याआधी आठ दिवस मांडायला लागते आणि ‘अजून अमकीने बघितली नाही’ म्हणून पुढे आठ दिवस हलत नाही. या काळात मी जेवतो ते स्वयंपाकघराच्या ओट्याशी, उभ्याने. लग्नातल्या बुफेसारखं, फक्त पदार्थ दोन.

वरच्या मजल्यावर तमिळ मामी राहतात. त्या नवरात्रात गोलू, म्हणजे पायऱ्यांवर बाहुल्यांची आरास, मांडतात. त्यांच्या पायऱ्या तीन, पाच, सात अशा विषमच असतात, तसा नियमच आहे. आमच्या पायऱ्यांची संख्या किती ट्रंका रिकाम्या होतात त्यावर ठरते. सगळ्यात खाली लोखंडी ट्रंक, तिच्यावर सुटकेस, सुटकेसवर नातवाची जेईईची पुस्तकं आणि या सगळ्यावर हिची पैठणी. पुस्तकं पैठणीखाली गेल्यामुळे नातवाला अभ्यास न करण्याचं धार्मिक कारण मिळतं. वर्षभरात तो देवाचं नाव घेतो ते तेव्हाच.

तीन वर्षांपूर्वी हिने या पायऱ्यांच्या बाजूला एक वाडा बांधायला घेतला. हिचं माहेर ग्वाल्हेरचं. तिथला वाडा विकला गेला, त्या जागी आता दुकानं आहेत. तो वाडा ही मिक्सरच्या खोक्यात पुन्हा उभा करत होती. ओसरी, माजघर, देवघर, मागचं अंगण. आइस्क्रीमच्या काड्यांच्या तुळया, उदबत्तीच्या काड्यांचे गज, काड्यापेट्यांची फडताळं आणि त्यांना ब्लाउजची बटणं. टूथपेस्टचं टोपण हा बंब. माझं बंद पडलेलं घड्याळ मला न विचारता भिंतीवर गेलं. बाहुल्यांच्या घरात झोपाळा आहे, तुळशीवृंदावन आहे, आडसुद्धा आहे. आमच्याकडे टँकर येतो.

मी नोकरीतल्या सवयीने म्हटलं, “अगं, आधी प्रमाण ठरव. एकास बारा धर. एका फुटाला एक इंच. जगभर बाहुलीघरं बहुतेक याच मापाने करतात.” आणि तिला वास्तुविशारद लट्यन्सची गोष्ट सांगितली. दिल्लीत व्हाइसरॉयचं अवाढव्य घर बांधत असतानाच या गृहस्थाने इंग्लंडच्या राणी मेरीसाठी एकास बारा मापाचं बाहुलीघर केलं. १९२१ ते १९२४, तीन वर्षं लागली. त्यात विजेचे दिवे लागतात, नळाला पाणी येतं, कॉनन डॉयलने हाताने लिहिलेलं चिमुकलं पुस्तक ग्रंथालयात आहे.

“त्यात राहायला कोण होतं?” हिने विचारलं.

“कोणी नाही. बघायलाच.”

“मग नळाला पाणी कशाला?”

याचं उत्तर लट्यन्सकडेही नसावं.

खरी पंचाईत माणसं आल्यावर झाली. झाबुआच्या कापडी बाहुल्यांची एक जोडी हिने हौसेने आणली. २०२३ साली रमेश आणि शांती परमार या झाबुआच्या दांपत्याला पद्मश्री मिळाली ती याच बाहुल्यांसाठी, त्यामुळे जोडीला घरात मान मोठा. उंचीही मोठी. दोघं फूटभर, म्हणजे माझ्या हिशोबाने बारा फुटी. आमच्या वाड्याचं छत नऊ इंचांवर. भिल्ल तिरकामठा घेऊन दाराबाहेरच उभा राहिला, त्याची बायको टोपली घेऊन माळवदावरून आत डोकावू लागली. माजघरात सावंतवाडीचा लाकडी आंबा, प्रमाणात मोजला तर तीन फुटांचा. शेजारी तुळशीबागेतली पितळी भातुकली, त्यातली परात एवढी की तिच्यात घरमालकीण आंघोळ करील. आणि अंगणात बुधनीचा लाकडी भोवरा. इथून नर्मदेकडे जाताना बुधनी लागते, तिथली रंगीत खेळणी नावाजलेली, पण भोवरा वाड्यात ठेवल्यावर देवळाचा कळस पडल्यासारखा दिसत होता.

मी हे सगळं फूटपट्टीने मोजून कागदावर लिहून दिलं. हिने कागद वाचला आणि त्याची घडी करून डुगडुगणाऱ्या पाटाखाली सारली. “आईकडे गौरीपुढे बशीएवढा हत्ती आणि परातीएवढा राघू असायचा. गौर कधी काही बोलली नाही,” ती म्हणाली.

त्या वर्षी आमचा रस्ता सहापदरी होत होता. सकाळी पुसलेल्या बाहुल्या दुपारी वेशीवरच्या पाहुण्यांसारख्या धुळीने माखलेल्या. श्यामला हिल्सच्या मानव संग्रहालयात देशभरची आदिवासी घरं खऱ्या मापाची उघड्यावर उभी आहेत, त्यांना ऊनपावसाची पर्वा नाही. इथे चार इंचांच्या ओसरीला मी रंगाच्या ब्रशने झाडू मारत होतो. शेवटी संपूर्ण वाडा जुन्या मच्छरदाणीत घातला. रात्री पाणी प्यायला उठलो की वाटे, आत कोणीतरी झोपलंय आणि आपण दबकून चालावं.

हळदीकुंकवाला बायका पाळीपाळीने आत सोडाव्या लागल्या. आठ आत, बाकीच्या जिन्यात त्या झाडाजवळ. आंब्याची डाळ आत, पन्हं बाहेर, आणि ने-आण माझ्याकडे. भोपाळी मराठीत कौतुक चाललं होतं. “काय बारीक काम केलंय हो, एकदम सही!” तेवढ्यात ट्रे घेऊन आत गेलो तर एक नव्या ओळखीच्या बाई वाड्यात वाकून बघत होत्या. त्या हळहळून हिला म्हणाल्या, “यजमान का? कधी गेले?”

मी वाकून पाहिलं. माजघराच्या भिंतीवर माझा पासपोर्ट फोटो होता. त्याला मोत्यांची इवलीशी माळ.

“अहो, ते हे काय उभे आहेत पन्हं घेऊन!” ही म्हणाली. “तोरणाचा तुकडा उरला होता, म्हणून लावला.”

बाईंनी पन्हं घेतलं, पण माझ्याकडे न बघता.

रात्री मी फूटपट्टी काढली. फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर. बाराने गुणलं तर उंची चोपन्न सेंटिमीटर, वाड्याच्या माजघरात शोभेल अशी पावणेदोन फुटी तसबीर. सगळ्या वाड्यात तंतोतंत प्रमाणात असलेली वस्तू ती एकच. काढ म्हणायला तोंड राहिलं नाही. निदान माळ तरी काढ म्हटलं, तर ही म्हणाली, “राहू दे, मागे भिंतीला फेविकॉलचा डाग पडलाय.”