एका बिनकामाच्या उद्योगाची थोरवी

निवृत्त माणसाला सल्ले उदंड मिळतात. मुदत ठेवी नीट लावा, सकाळी फिरायला जा, मृत्युपत्र करून ठेवा, गुडघे सांभाळा. ‘कॉलेजातल्या वर्गमित्रांना धरून राहा’ असा सल्ला मात्र कुणी देत नाही, कारण त्यातून निघत काहीच नाही. पन्नास वर्षांपूर्वी शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसामुळे ना पेन्शन वाढते, ना नातवाला प्रवेश मिळतो, ना सोसायटीतला पार्किंगचा तंटा मिटतो. तरीही गावोगावचे सत्तरीतले लोक हा उद्योग वेड्यासारखा करतात. या वेडेपणाची थोरवी मला मनापासून गायची आहे.

आमचा वर्ग सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १९१९ साली काढलेले हे कॉलेज सांगली आणि मिरजेच्या मधोमध, विश्रामबागेत आहे. आम्ही १९७४ चे बी.एस्सी., म्हणजे ७२ च्या दुष्काळात खाणावळीत लाल मिलोच्या भाकऱ्या खाल्लेली पिढी. पुढे कुणी बँकेत गेले, कुणी पाटबंधारे खात्यात, कुणी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत, बरेचसे शाळांमध्ये. सरकारी नोकरीतले अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी आले आणि एकमेकांना शोधू लागले.

पहिला वेडेपणा या शोधाचाच. मुलगे लवकर सापडले. मुली शोधणे अवघड, कारण लग्नात त्यांचे आडनाव गेले आणि पुष्कळजणींचे नावही. मग आमच्यातल्या दोघांनी तासगाव, विटा, जयसिंगपूर असे त्यांचे माहेरचे पत्ते आठवून आठवून काढले. त्या पत्त्यांवर जाऊन भाऊ-भावजयांना विचारले, “तुमच्या ताईंचा नंबर मिळेल का?” काही घरांत संशयाने पाहिले गेले, काही घरांत चहा मिळाला. कॉलेजात ज्या मुलींशी प्रयोगशाळेतल्या ब्युरेटपलीकडे बोलणे झाले नव्हते, त्या आज हक्काने रागावतात. तरुणपणी समाजाने जी मैत्री होऊ दिली नाही, ती सत्तरीत होते आहे. उशिरा का होईना, ही फार मोठी भरपाई आहे.

दुसरा वेडेपणा प्रवासाचा. तीन तासांच्या स्नेहमेळाव्यासाठी माणसे नागपूरहून रात्रभर गाडीत बसून येतात. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तरी येतात. एसटीचे आमच्या पिढीवर उपकार आहेत. पासष्टीनंतर अर्धे तिकीट, आणि २०२२ पासून पंच्याहत्तरीनंतर राज्यात कुठेही फुकट. आल्यावर काय करायचे? जेवायचे, एकमेकांच्या गोळ्यांची नावे विचारायची, साखरेचे पथ्य असलेल्याच्या ताटातले श्रीखंड काढून घ्यायचे आणि परत निघायचे. हिशेबात न बसणारा हा खर्च आहे. पण आपल्याला नुसते पाहायला कुणीतरी एवढी वाट तुडवत आले, हे कळल्यावर म्हातारा माणूस जो ताठ होतो, तसा तो कुठल्याही टॉनिकने होत नाही.

तिसरा वेडेपणा म्हणजे वर्गाच्या मोबाइल ग्रुपवर रोज सकाळी येणारे गुलाबाचे फूल आणि ‘सुप्रभात’. मुलांना याचे हसू येते. पण पेन्शन चालू राहावी म्हणून दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, तसा हा रोजचा दाखला आहे. एकट्या राहणाऱ्या आमच्या एका मैत्रिणीचे फूल एके दिवशी दहा वाजेपर्यंत आले नाही. फोन उचलला जात नव्हता. त्याच शहरातला एक वर्गमित्र रिक्षाने गेला. ती न्हाणीघरात पाय घसरून पडली होती, खुबा मोडला होता. परदेशातल्या मुलाला कळायच्या आत ती इस्पितळात पोहोचली होती. त्या दिवसापासून ते फूल मी कधी चुकवत नाही आणि कुणाचे चुकले तर विचारल्याशिवाय राहत नाही.

चौथा वेडेपणा त्याच त्या गोष्टी पुन्हा सांगण्याचा. हायड्रोजन सल्फाइडची बाटली वर्गात कुणी उघडी ठेवली, हा प्रश्न आमच्याकडे अजून निकालात निघालेला नाही. याला शास्त्राचाही आधार आहे. उतारवयात माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला सांगितल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या इतर काळापेक्षा जास्त निघतात, असे मानसशास्त्राला वारंवार दिसले आहे. आमच्या एका मित्राला विस्मरणाचा आजार आहे. सकाळी काय खाल्ले ते त्याला सांगता येत नाही, पण त्या बाटलीचा विषय काढला की तो खुर्चीत पुढे सरकतो आणि चढ्या आवाजात स्वतःची बाजू मांडतो. तेवढा वेळ त्याची बायको दाराशी उभी राहून ऐकत असते. ती गोष्ट आम्ही शंभरदा सांगू.

पाचवा वेडेपणा भांडणाचा. निवडणूक आली की आमच्यात दोन तट पडतात, कुणीतरी रागाने ग्रुप सोडतो, आठवड्याने त्याची समजूत घालून परत आणावे लागते. हेही मला मोलाचे वाटते. निवृत्तीनंतर लोक आपल्याशी आदराने आणि थोडक्यात बोलतात. वादात घेण्याजोगे आपल्याला कुणी समजत नाही. ज्याने आपल्याला जर्नल उतरवून काढताना पाहिले आहे तो मात्र बिनदिक्कत म्हणतो, “तुला तेव्हाही कळत नव्हतं, आताही कळत नाही.” अधिकारी, मुख्याध्यापक, आजोबा होण्याआधी आपण कोण होतो याचे साक्षीदार एवढेच उरलेले असतात. आई-वडील गेल्यावर तर दुसरे कुणी नसतेच.

आणि हा बिनकामाचा उद्योग वेळ आली की कामाला येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने पंचेचाळीस फुटांची धोक्याची पातळी ओलांडून सत्तावन्न फूट गाठले, तेव्हा गावभागातल्या आणि पेठांतल्या वर्गमित्रांना विश्रामबागेच्या उंच बाजूच्या वर्गमित्रांनी घरी नेऊन ठेवले. कुणाला निरोप धाडावा लागला नाही. दुसरा प्रसंग याहून लहान आहे. पत्नी गेल्यावर एका मित्राने महिनाभर बिस्किटांवर दिवस काढले. हे कळताच एका मैत्रिणीने त्याला फोनवर कुकर लावायला शिकवले. “डाळ धुतलीस? दोनदा? आता वाटीला तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद. शिट्टी बसली का बघ. तीन झाल्या की गॅस बंद कर, आणि वाफ जाईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही.” तीन शिट्ट्या होईपर्यंत तिने फोन ठेवला नाही. आज तो आमटी-भात करून जेवतो.

माणसांच्या आयुष्याच्या, हार्वर्डमध्ये १९३८ पासून चालू असलेल्या दीर्घ अभ्यासाची सुरुवात २६८ विद्यार्थ्यांपासून झाली. त्याचे संचालक रॉबर्ट वॉल्डिंगर सांगतात की, ऐंशीव्या वर्षी कोण धडधाकट असेल हे पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलपेक्षा पन्नाशीतल्या नात्यांतल्या समाधानावरून जास्त चांगले कळले. आपण लिपिड प्रोफाइल नेमाने करतो. मित्राला फोनही तितक्याच नेमाने करावा.

वेडेपणा करायचाच तर तो नीट करावा. ज्याला प्रवास झेपत नाही त्याच्या गावी पुढचा मेळावा ठेवावा. प्रत्येकाच्या मुलाचा, सुनेचा, शेजाऱ्याचा नंबर एका वहीत लिहून ठेवावा. वर्गमित्र गेला म्हणून त्याच्या पत्नीचे बोलावणे थांबवू नये. त्याच्या तरुणपणाच्या ज्या गोष्टी तिला ठाऊक नाहीत त्या फक्त आपल्यापाशी आहेत, आणि त्यांवर तिचा हक्क आहे. ज्याचा नंबर अजून सापडलेला नाही, त्याच्या शोधाला आजच लागावे. आपल्या वयात हे काम पुढच्या महिन्यावर टाकण्याजोगे नाही.