पिक्चर लॉक आणि इतर अफवा

पुण्यात संगीतकार व्हायला गुरू, रियाज आणि घराणं लागतं, असा जुन्या मंडळींचा समज आहे. चित्रपट-मालिकांचा संगीतकार व्हायला मात्र बेडरूमच्या भिंतीला चिकटवलेला फोम, बऱ्यापैकी यूपीएस आणि ‘एवढंच बदला’ हे वाक्य हसतमुखाने ऐकायची सवय लागते. होतकरूंसाठी थोडं मार्गदर्शन.

सुरुवात विजेपासून. अर्थिंग धड नसेल तर रेकॉर्डिंगमध्ये घुंऽऽ असा आवाज शिरतो. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे पेटीवरची साधारण पांढरी पाच, किंचित चढी. गायिका पांढरी एकमध्ये गात असेल तर घरचं वायरिंग चक्क पंचम धरून बसतं. मानधन न मागणारा हा एकमेव साथीदार. फक्त तो जरा बेसूर आहे आणि ‘पुरे’ म्हटलेलं त्याला कळत नाही.

पुढचा विषय सॅम्पल रेट. सीडीचा हिशेब सेकंदाला 44,100 चा, सिनेमा-टीव्हीचा 48,000 चा. कुणी घाईत पहिल्या हिशेबाची फाइल दुसऱ्या हिशेबाने वाजवली की तीन मिनिटांचं गाणं पावणेतीन मिनिटांत आटोपतं आणि पांढरी एकमध्ये गायलेला गायक काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधल्या फटीत जाऊन अडकतो. पेटीवर तिथे पट्टीच नाही. तुम्ही तक्रार करता. पलीकडून उत्तर येतं, ‘अच्छा? आम्हाला ते फ्रेश वाटलं.’

तिसरी गोष्ट रेफरन्स ट्रॅक. एडिटरने सोय म्हणून दृश्याखाली हान्स झिमरचा तुकडा टाकलेला असतो. महिनाभर तोच ऐकून दिग्दर्शक त्याच्या प्रेमात पडतात. मग तुम्हाला बोलावून सांगतात, ‘अगदी असंच हवं, पण ओरिजिनल.’ आवाज लंडनच्या ऑर्केस्ट्राचा, बजेट कर्वेनगरचं.

आता मुख्य अध्याय, पिक्चर लॉक. म्हणजे एडिटिंग संपलं, यापुढे एक फ्रेमही हलणार नाही, असं दिलेलं वचन. टीव्हीला सेकंदाला 25 फ्रेम. तुम्ही त्या भरवशावर मोजूनमापून संगीत बसवता. सासूबाईंच्या हातून ताट निसटतं त्या फ्रेमला झांज, सून मान वळवते तिथे सतार. रात्री दोनला मेसेज येतो, ‘सर, लॉकच आहे, सुरुवातीच्या फक्त बारा फ्रेम उडवल्यात.’ बारा फ्रेम म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. पण आता ताट पडून, वाजून, गप्प झाल्यावर झांज दचकते आणि सतार सुनेला सोडून सासऱ्यांच्या चहाच्या घोटावर छेडली जाते. पुढचा सगळा एपिसोड असाच अर्धा सेकंद उशिरा रडतो. सकाळी चॅनेलचा फोन, ‘म्युझिक थोडं स्लो रिअ‍ॅक्ट करतंय का?’ टेलिकास्ट संध्याकाळी सातला.

आणि हे सगळं त्याच शहरात, जिथे आज एफटीआयआय आहे त्या जागी प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ होता. संगीतकार केशवराव भोळे यांनी तिथे ‘संत तुकाराम’ला (1936) संगीत दिलं. आवाज तेव्हा फिल्मवर प्रकाशाने छापला जायचा. चुकलं की फिल्म वाया, वादक पुन्हा गोळा करा, खर्च पुन्हा. म्हणून काय हवंय ते आधी बसून ठरवावं लागे. आता चूक एका बटणाने पुसता येते, त्यामुळे ठरवायची गरजच कुणाला उरलेली नाही. अनडू फुकट झालं, निर्णय महागला आणि दोन्हींमधला फरक संगीतकाराच्या झोपेतून वळता करून घेतला जातो.

यावर उपायही प्रभातनेच दाखवून ठेवलाय. ‘कुंकू’मध्ये (1937) गाणी होती, पण पार्श्वसंगीत नव्हतं, प्रसंगातले नैसर्गिक आवाजच प्रेक्षकांनी ऐकायचे. होतकरूंनी हा दाखला निर्मात्यांपुढे जरूर ठेवावा. वादकांचा खर्च नाही, पट्टी चढायची भीती नाही, बारा फ्रेम उडाल्या तरी कुणाचं काही बिघडत नाही. निर्माते नक्की खूश होतील. म्हणतील, ‘ग्रेट आयडिया! उद्या सकाळपर्यंत सायलेन्सचे तीन ऑप्शन पाठवा. आणि हो, दुसऱ्यात जरा एनर्जी ठेवा.’