तीनवार झाल्यावर

हौसेला मोल नसतं म्हणतात. हरियाणात २०२५च्या नोव्हेंबरात ते निघालं. एक कोटी सतरा लाख रुपये, आणि तेही गाडीचं नव्हे, गाडीच्या नंबराचं. ‘एचआर ८८ बी ८८८८’ची ऑनलाइन बोली पन्नास हजारांपासून सुरू झाली आणि त्या आकड्यावर जाऊन टेकली. (इंग्रजी बी लांबून आठासारखाच दिसतो, म्हणजे सगळे आठच आठ!) पेपरांत फोटो आले, आणि डिसेंबर उजाडताच पैसे भरायची मुदत टळून गेली. बोली लावणाऱ्या गृहस्थांनी दोन कारणं दिली. एक, पैसे भरताना तांत्रिक अडचण आली. दुसरं, एका नंबरापायी एवढा पैसा घालवायला घरची वडीलधारी मंडळी राजी नाहीत. पहिलं कारण आपण वीजबिलालाही देतो. दुसरं मात्र मला मनापासून पटलं. एवढ्या मोठ्या आकड्यासमोर ‘कशाला?’ असं विचारणारं कुणीतरी त्या घरात होतं तर!

परिवहनमंत्री अनिल विज यांना ते पटलं नाही. या माणसाची ऐपत तरी आहे का, त्याची मिळकत तपासा, असा हुकूम त्यांनी सोडला. अनामत जप्त झाली ती अकरा हजारांच्या आसपास. एवढ्यात हल्ली वरातीचा बँडही येत नाही. त्याआधी, २०२३ साली, हिमाचलातल्या कोटखाईला एका स्कूटरच्या नंबरासाठी एक कोटी बारा लाखांची बोली चढली होती. पैसे भरायच्या वेळी तीही अशीच विरून गेली.

आमच्याकडे नवरात्र संपलं की देवीला आलेल्या साड्यांचा लिलाव होतो. माइक हातात घेतलेले काका हिरव्या काठाची नारायणपेठ दोन्ही हातांनी उलगडून धरतात, मागून कुणीतरी ‘अकराशे’ म्हणतं, काका ‘एकवार… दोनवार…’ करत मुद्दाम रेंगाळतात, आणि तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून ‘पंधराशे’ येतात. ‘तीनवार’ झालं की विषय संपला. दुसऱ्या दिवशी खजिनदार पावतीपुस्तक घेऊन दारात हजर. तिथे पैसे बुडवल्याचं ऐकिवात नाही, कारण बोली लावणाऱ्याचं घर, त्याची सासुरवाडी आणि त्याचा पगार तिन्ही गोष्टी मांडवाला ठाऊक असतात. रात्री साडेअकराला पांघरुणात पडल्या पडल्या फोनवर बोली लावणाऱ्याला मात्र कुणी बघत नाही. तिथे अंगठा फार हलका होतो.

तो जड कसा करायचा, एवढाच कायद्यापुढचा प्रश्न आहे. १९३०च्या मालविक्री कायद्याचं ६४वं कलम सांगतं की हातोडा पडला की विक्री पुरी झाली. तोवर बोली मागे घेता येते. ऑनलाइन लिलावात हातोड्याच्या जागी घड्याळ असतं, आणि बोली मागे घेण्याबाबत त्या त्या साइटचे नियम बहुधा जास्त कडक असतात. घड्याळ थांबलं की तुम्ही गिऱ्हाईक राहत नाही, देणेकरी होता. ‘पोलीस येतील का हो?’ हा यावरचा पहिला घाबरा प्रश्न. नुसते पैसे भरले नाहीत म्हणून सहसा येत नाहीत, तो दिवाणी मामला. पहिल्यापासूनच फसवायचा इरादा होता असं दिसलं, तर गोष्ट वेगळी. विकणारा नुकसानभरपाईचा दावा लावू शकतो. पण ऑनलाइन बोलीत घेतलेल्या एखाद्या सात हजारांच्या पितळी समईसाठी वकील कोण लावणार? म्हणून साइटवरचं खातं बंद होतं आणि प्रकरण मिटतं.

इंग्लंडात २००६ साली एका तीन वर्षांच्या पोरानं ईबेवर नऊ हजार पौंडांची गुलाबी गाडी घेऊन टाकली होती. विकणाऱ्यानं हसून सोडून दिलं. आपल्याकडे हसायचीही गरज पडली नसती; करार कायद्याचं ११वं कलम अज्ञानाचा करार मुळात करारच मानत नाही. (इथे अज्ञान म्हणजे अठराच्या आतलं. पन्नाशीच्या अज्ञानाला ही सवलत नाही.)

खरा जडपणा बघायचा तर बँकेनं जप्त केलेल्या मिळकतींच्या लिलावात बघावा. बोली मंजूर झाली की पंचवीस टक्के त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी, आणि उरलेले पंधरा दिवसांत किंवा वाढवून दिलेल्या मुदतीत. चुकलात तर पंचवीस टक्के गेले. कोइमतूरच्या एका मिळकतीला सव्वाबारा कोटींची बोली लागली होती आणि घेणाऱ्याचे तीन कोटींवर पैसे बँकेकडे अडकले. हायकोर्टाला दया आली. सुप्रीम कोर्टाला २ फेब्रुवारी २०२४ रोजी आली नाही. सगळी रक्कम बँकेची, असा निकाल झाला. मला तो कठोर वाटतो. बँकेचं नुकसान किती झालं हे न विचारता तीन कोटी ठेवून घेणं म्हणजे जरा जास्तच. पण हरियाणाचे अकरा हजार आठवले की वाटतं, बँकेच्या लिलावात निदान वडीलधाऱ्यांचा सल्ला बोलीच्या आधी घेतला जात असेल.

आपल्या आरटीओनं यावर जुनाच उपाय ठेवलाय. एकाच पसंतीच्या नंबराला दोन अर्ज आले की जास्तीच्या रकमेचा डीडी बंद पाकिटात घालून आणा, मोठा डीडी जिंकला. पैसे आधी, मिशीला पीळ नंतर.

मालविक्री कायद्याच्या ५४व्या कलमात मात्र एक गंमत दडलीय. पैसे न देणाऱ्याला रीतसर नोटीस देऊन विकणाऱ्यानं तीच वस्तू दुसऱ्याला विकली आणि कमी पैसे आले, तर तूट पहिल्याकडून वसूल होते. नोटीस द्यायची राहून गेली, तर तूट मागता येत नाहीच, उलट दुसऱ्या विक्रीत नफा झाला तर तो पैसे बुडवणाऱ्याचा! (नाशवंत माल असला तर हा नियम नाही, तेव्हा कांद्यावर प्रयोग नको.) म्हणजे समईचे सात हजार बुडवून कुणी घरी बसला असेल, तर त्यानं देवाला दोन गोष्टी मागाव्यात: पितळेचा भाव चढू दे आणि पोस्टमन येऊ नये.