तीन सेकंदांत क्लॅम्प बसतोच

अभिनंदन! भोसरीतल्या एका शेडमध्ये तुमच्यासमोर ड्रिलिंगचं एसपीएम, म्हणजे स्पेशल पर्पज मशीन, उभं आहे, पॅनेलमध्ये ते चालवणारा कंट्रोलर, मित्सुबिशीचा एफएक्स पीएलसी बसलाय आणि मशीन परवा डिस्पॅच करायचंय. काम चारच पायऱ्यांचं: क्लॅम्प पकड, ड्रिल खाली, ड्रिल वर, क्लॅम्प सोड. घाबरू नका.

१. सिलिंडरवरच्या रीड स्विचचे पैसे वाचवा. क्लॅम्प खरंच बसला का, हे मशीनला विचारायचं कशाला? टी-० टायमर घ्या, सेटिंग के-३० द्या, झाले तीन सेकंद. तेवढ्यात तो बसतोच. सोमवारी सकाळी कॉम्प्रेसर नुकताच सुरू झालेला असतो, हवेचं प्रेशर चढलेलं नसतं, क्लॅम्प अर्ध्या वाटेत असतो आणि तीन सेकंद मात्र भरलेले असतात. ड्रिल मोकळ्या जॉबवर उतरतं, जॉबची भिंगरी होते. बिट मोडला की टायमर पाच सेकंदांवर न्या. प्रॉडक्शनवाले सायकल टाइमवरून ओरडले की पुन्हा तीनवर आणा. यालाच फाइन ट्यूनिंग म्हणतात.

२. टायमरचा नंबर मनाला येईल तो घ्या. टी-१९९ पर्यंतचे टायमर १०० मिलिसेकंदांनी मोजतात, टी-२०० पासून १० मिलिसेकंदांनी. म्हणजे तेच के-३० तिथे ०.३ सेकंद होतं. मशीन एकदम चपळ झालं, म्हणून मालक खूश होतील. थोडा वेळ.

३. आउटपुट वाय-८ सापडत नाही? बिचारे तुम्ही. वाय-७ नंतर थेट वाय-१० येतो, मोजणी आठाची आहे. पुढे चला.

४. एकच कॉइल दोन ठिकाणी लिहा. ऑटोसाठी वाय-० वरच्या ओळीत, मॅन्युअलसाठी तोच वाय-० खालच्या ओळीत. पीएलसी प्रोग्रॅम वरून खाली वाचतो आणि आउटपुट शेवटी एकदाच बाहेर पाठवतो, त्यामुळे खालच्या ओळीचं म्हणणं खरं ठरतं. मॉनिटरवर वरच्या ओळीतले सगळे कॉन्टॅक्ट चालू दिसतात, व्हॉल्व्ह मात्र ढिम्म. मग व्हॉल्व्ह बदला. नंतर वायर बदला. शेवटी इलेक्ट्रिशियन बदला.

५. पायऱ्यांची नोंद एम-५०० च्या पुढच्या बिटांत ठेवा, लाइट गेली तरी ती पुसली जात नाही. ऑपरेटर जॉब काढून चहाला जातो, लाइट येते, मशीनला आपली दुसरी पायरी बरोबर आठवते आणि ते रिकाम्या फिक्श्चरमध्ये ड्रिल घालतं. इमर्जन्सी स्टॉपही प्रोग्रॅममध्येच घ्या. स्वतंत्र वायरिंग करून पॉवर तोडणारे भित्रे असतात.

६. प्रोग्रॅममध्ये कॉमेंट लिहू नका. १९६८ मध्ये जनरल मोटर्सला रिलेंच्या कपाटांऐवजी काहीतरी हवं होतं, त्यातून डिक मॉर्ली यांच्या मंडळींचा मोडिकॉन ०८४ हा पीएलसी आला. पीएलसीची लॅडर भाषा रिलेच्या ड्रॉइंगसारखी दिसते, ती कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला वाचता यावी म्हणून. ही सोय तुम्हाला परवडणारी नाही. मेंटेनन्सवाल्याला प्रोग्रॅम कळला तर व्हिजिट चार्जेस कोण देणार?

७. डिस्पॅचच्या आदल्या रात्री सगळे टायमर एचएमआयच्या स्क्रीनवर ऑपरेटरसाठी उघडे ठेवा. नाइट शिफ्टला टार्गेट गाठायला तो तिनाचा एक करणारच. रिपोर्टमध्ये 'ऑपरेटर एरर' लिहा आणि जीएसटीसह बिल पाठवा.