कळमन्याच्या चौकाला काय घालावे?

आधी चौकात उभे राहा, जीव सांभाळून. नागपुरातल्या कळमन्याच्या बाजार समितीकडे वळणारा संत्र्यांचा ट्रक बघा. ब्रेक दाबतो, थांबतो, मग भरल्या पोटाने वळतो. सरळ रस्त्यावर चाक नुसते पळते. चौकात ते रस्त्याला ढकलते, पिळते. एवढे दिसले की तुम्ही तज्ज्ञ झालात. पुढचे सगळे बिलापुरते.

डांबर स्वस्त, झटपट, आणि उद्घाटनाच्या फोटोत झकास काळे. पण नागपूरचा मे त्याला सोसत नाही. पारा ४५ अंशांवर गेला की डांबर मऊ पडते. त्यावर सिग्नलला ट्रक उभा राहिला की चाकाखाली खळगी, बाजूला उंचवटा. वर गळणारे डिझेल उरलेसुरले विरघळवते. डांबराचाच हट्ट असेल तर व्हीजी-४० ही घट्ट प्रत मागा. हे नाव ठासून घेतले की कंत्राटदार चहा मागवतो.

गट्टू देखणे. जाडी मात्र विचारा: फुटपाथला ६० मिमी चालतात, जड वाहनांखाली १०० तरी हवेत. ते सरळ ओळीत लावू देऊ नका, वळते चाक अख्खी ओळ सरकवते. एकमेकांत अडकणारी तिरपी मांडणी हवी, आणि कडेला पक्का कर्ब.

राहिले काँक्रीट. ऊन, डिझेल, कशाचीच त्याला पर्वा नाही. कळमन्याला माझे मत त्यालाच. पण ते घाई सहन करत नाही. पहिल्या दिवसातच कटरने सांधे पाडा. कुठे तडकायचे ते तुम्ही ठरवले नाही तर काँक्रीट स्वतः ठरवते. मग निदान दोन आठवडे ओला बारदाना. कळमन्यात बारदान्याला तोटा नाही, टँकर तेवढा चुकतो. आणि जुना रस्ता उकरल्याशिवाय नवा थर चढवू नका, नाहीतर पावसाळ्यात चौकाचे पाणी दुकानदाराच्या गल्ल्यापर्यंत.

१९४३ साली देशभरचे मुख्य अभियंते याच शहरात जमले आणि रस्त्यांची वीस वर्षांची योजना आखून गेले. तो ‘नागपूर प्लॅन’ अभियांत्रिकीची पोरे अजून घोकतात. राष्ट्रीय महामार्गापासून गावरस्त्यापर्यंत सगळ्यांची वर्गवारी त्यात आहे. झालेला चौक आधी नळवाले खोदतील की केबलवाले, एवढे मात्र त्यात नाही. तेव्हा काँक्रीट ओतण्याआधी खालून चार रिकामे पाइप आडवे टाका, आणि कुठे टाकले ते कर्बवर रंगवून ठेवा. फायलीत लिहिलेत तर आधी फाईल खोदावी लागेल.