मोठे बाबू

तहसीलदार तालुक्याच्या गावी येतो आणि बदलून जातो. गावाचा होऊन राहतो तो अव्वल कारकून. सेवानिवृत्तीच्या दिवशी शासन त्याचे अधिकार काढून घेते, परंतु अधिकारवाणी काढून घेण्याची तरतूद कोणत्याही सेवानियमांत नसल्याने ती त्याच्याजवळ आजन्म राहते. आणि वऱ्हाडातील लोक स्वभावतःच उदार असल्यामुळे 'मोठे बाबू' ही पदवीही ते त्याला हयातभर वापरू देतात. आमच्या बार्शीटाकळीत असे मोठे बाबू एकापेक्षा अधिक आहेत. पण ज्यांच्या घरी भांडी धुण्याचे यंत्र आहे असे माझ्या माहितीत हे एकच, आणि म्हणून त्या वर्गाचे सारे गुणविशेष ह्यांच्या ठायी अधिक स्वच्छ धुऊन निघालेले दिसतात.

मोठे बाबूंच्या मते जगात घटना अशी घडतच नाही. उपस्थित होते ती बाब, आणि प्रत्येक बाबीस कोणीतरी इसम जबाबदार असतो. दूध उतू गेले की इतर माणसे शेगडीकडे धावतात. मोठे बाबू प्रथम घड्याळाकडे पाहतात, कारण वेळ नोंदल्यावाचून दूध उतू गेले असे मानण्यास ते तयार नसतात. घरातील मांजरीने ताकाचे भांडे लवंडले, तेव्हा त्या प्रसंगी खिडकी उघडी ठेवणाऱ्याचा जबाब झाला; मांजरीचा झाला नाही, एवढीच काय ती सवलत.

हे यंत्र पुण्याच्या चिरंजीवांनी पाठविले. सन २०२० च्या टाळेबंदीत कामवाल्या बायांचे येणे बंद झाले, तेव्हा शहरांतील अनेक पांढरपेशा कुटुंबांना आपण दिवसाकाठी किती भांडी खरकटी करतो याचा प्रथमच साक्षात्कार झाला आणि ह्या यंत्रांना एकाएकी मागणी आली. चिरंजीवांनी आधी स्वतःकरिता एक घेतले, आणि पुढे आईच्या गुडघ्यांची आठवण होऊन दुसरे बार्शीटाकळीस रवाना केले. मोठे बाबूंनी अर्थातच प्रथम यंत्राचा पूर्वेतिहास मागविला. इलिनॉय प्रांतातील जोसेफीन कॉक्रेन नामक बाईंनी नोकरांच्या हातून किमती बशांचे टवके उडतात म्हणून असे यंत्र सिद्ध केले, १८८६ साली त्याचे पेटंट मिळविले आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडले, इतका मजकूर हाती आल्यावर त्यांची मुद्रा एकदम प्रसन्न झाली. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत विवेकानंदांचे भाषण झाले होते; आणि ज्या वस्तूचा स्वामीजींशी एवढा निकटचा संबंध, ती स्वयंपाकघरात ठेवण्यास हरकत नाही, असा शेरा त्यांनी मारला. पाण्याचा जडपणा घालविण्याकरिता यंत्रात मीठ भरावे लागते, हे कळल्यावर मात्र ते पुन्हा खवळले. "ज्या जिल्ह्यात खारपाणपट्टा आहे, तेथे पाण्यात आणखी मीठ घालायचे?" हा त्यांचा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे.

आणि एके रात्री, जेवणे आटोपल्यावर, यंत्र मध्येच थांबले. दर्शनी पट्टीवर एक अक्षर आणि एक आकडा लुकलुकू लागला, व आतून पाणी उपसण्याची घरघर अखंड चालू झाली. माहितीपुस्तिकेत त्या खुणेचा अर्थ 'पाणीगळती' असा दिला होता. जमिनीवर मात्र पाण्याचा टिपूस नव्हता.

ह्या आरोपाचे गांभीर्य परगावच्या माणसास कळणार नाही. काटेपूर्णेचे धरण ज्या महानला आहे ते महान आमच्याच तालुक्यात असून तेथले पाणी अकोला शहर पिते. तरीही उन्हाळ्यात पारा चव्वेचाळिसाच्या वर गेला की आमच्याकडे हंडा हा दागिन्याच्या योग्यतेस चढतो, आणि पाणी सांडणे हा दिवाणी स्वरूपाचा नव्हे, फौजदारी स्वरूपाचा गुन्हा ठरतो. तशात फिर्याद आहे आणि मुद्देमाल नाही, असे हे प्रकरण! मोठे बाबूंच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच तेज दिसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच म्हणून मला आणि शेजारच्या निवृत्त गुरुजींना पाचारण झाले. पंचनाम्याच्या आरंभी यंत्राची चतुःसीमा मुक्रर करण्यात आली: पूर्वेस मोरी, पश्चिमेस धान्याच्या कोठ्या, दक्षिणेस ओटा, उत्तरेस ये-जा करण्याची वहिवाट. नंतर दरवाजाच्या कडेची रबरी पट्टी बोटाने चाचपण्यात आली. "गावातल्या कालंका देवीच्या देवळात शके १०९८ चा शिलालेख आहे," मोठे बाबू म्हणाले, "तिथे चुन्यावाचून दगडावर दगड आठशे वर्षे बसला आहे, आणि ह्यांच्याने एक दार धड बसवत नाही!" हे वाक्य पंचनाम्यात घ्यावे की नाही यावर गुरुजींशी अर्धा तास वाद होऊन ते 'अवांतर' ह्या सदराखाली दाखल झाले. ह्या सर्व काळात यंत्राची घरघर चालू होती आणि आतली भांडी आंबत होती.

"अहो, भांडे घासाले पंचनामा लागते काय?" काकू शेवटी म्हणाल्या. "द्या इकडं, मी घासतो राखीनं."

"मुद्देमालास हात लावू नये," मोठे बाबू म्हणाले.

काकूंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांनी गुरुजींच्या नातवाकरवी बाजारातून मोटारी-पंप दुरुस्त करणाऱ्या एका पोराला बोलावणे धाडले. पोरगा आला, त्याने चतुःसीमा विचारली नाही, काल रात्री कोण हजर होते तेही विचारले नाही. आधी बटण बंद करून त्याने तार काढली, नळाची तोटी फिरविली, खालची पट्टी उघडून विजेरीचा झोत आत टाकला आणि मग आम्हा दोघा पंचांना हाताशी धरून यंत्र हळूच कलते केले. बुडाशी असलेल्या पत्र्याच्या तबकातून लोटाभर फेसाळ पाणी वाहत बाहेर आले.

त्या तबकात, पोराने दाखविले, एक हलका तरंगा असतो. यंत्रातून कोठूनही पाणी झिरपून तबकात साचले की तो वर उचलला जातो आणि त्याच्या धक्क्याने एक बारीकसे बटण दाबले जाते. त्यासरशी यंत्र सर्व काम तहकूब करते, नवे पाणी घेण्याचे थांबविते, आतले उपसू लागते, आणि तबक कोरडे होईपर्यंत कोणाचेही ऐकत नाही. हे ऐकत असता मोठे बाबूंच्या मनातला यंत्राविषयीचा आकस मावळत गेल्याचे मला स्पष्ट दिसले. लोटाभर अनियमितता आढळताच संपूर्ण कामकाज बंद करणे, कारण न सांगता केवळ कलमाचा क्रमांक कळविणे, आणि पूर्तता होईपर्यंत जागचे न हलणे, ही तीस वर्षांची त्यांची स्वतःची कार्यपद्धती होती, आणि तिचा असा निर्दोष अवलंब त्यांना आपल्या कचेरीतही कधी पाहावयास मिळाला नव्हता. "हा माणूस कायद्याचा आहे," ते सद्गदित होऊन म्हणाले.

पोराने जाळी धुतली, नळीची पकड आवळली, रबरी पट्टी पुसली. मग तबकातला फेस बोटांवर घेऊन त्याने हुंगला. "बाबूजी, मशीन चांगली हाय," तो म्हणाला, "साबनच भलता हाय. ह्या मशीनीच्या साबनाले फेस येत नाही. हा हातानं भांडे घासाचा साबन दिसते. फेस मावला नाही, का दारातून उतरते खाली. कोनं टाकला जी?"

स्वयंपाकघरात शांतता पसरली. मोठे बाबू इतका वेळ गुन्हेगार शोधत होते आणि पोरगा पाणी शोधत होता. पाणी सापडले, आणि त्याच्या पाठोपाठ गुन्हेगारही. यंत्राचा साबण महाग पडतो म्हणून डब्यात नेहमीचा साबण भरण्याचा हुकूम कोणी दिला होता, हे काकूंना ठाऊक होते, गुरुजींना ठाऊक होते, आणि पंचनामा लिहिणाऱ्यासही ठाऊक होते.

येथे एखाद्या सामान्य मनुष्याने कागद फाडला असता. मोठे बाबूंनी तो उलटला आणि मागील बाजूस, ठळक अक्षरांत, स्वतःच्या नावे कारणे दाखवा नोटीस काढली. चष्मा पुसून त्यांनी ती वाचली, पोच दिली, आणि खाली खुलासा लिहिला की सदर कृत्य काटकसरीच्या शुद्ध हेतूने झाले असून त्यात कसूर करण्याचा इरादा नव्हता. त्याखाली, काही क्षण गंभीरपणे विचार करून, 'खुलासा समाधानकारक. प्रकरण नस्तीबंद करावे' असा शेरा मारून सही केली. पंच म्हणून आम्हीही केली.

काकूंनी मात्र साक्षीदाराच्या जागी सही करण्यास साफ नकार दिला. साबणाचा डबा यापुढे आपल्या ताब्यात राहील, हे कलम आधी घालावे, असे त्यांचे म्हणणे पडले. बराच खल झाला. अखेर डबा, झाकण आणि मापाचा चमचा यांची यादी होऊन त्यांचा कार्यभार रीतसर काकूंकडे सोपविण्यात आला, पोचपावती घेण्यात आली, आणि मोठे बाबू आयुष्यात दुसऱ्यांदा सेवानिवृत्त झाले.