गाईडभाऊ, तुमचं 'माझं मत' मिळालं

श्री. रा. रा. गाईडभाऊ यांस,

बेसाहून एका शिकवणीवालीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र स्तुतीचं आहे. मराठीत अशा स्तुतीला व्याजस्तुती म्हणतात. तुम्ही ती 'आयरनी'च्या चौकटीत, दोन ओळींत उरकली आहे.

यंदाही बारावी इंग्रजीची उजळणी तुमच्याच कृपेने चालू आहे. माझ्या हॉलमध्ये सतरंजीवर नऊ पोरं बसतात. त्यांतल्या दोघींनी 'युवकभारती' हे पाठ्यपुस्तक आणलं होतं आणि एकीच्या पुस्तकाला अजून नव्या कागदाचा वास येतो. तुम्ही मात्र नऊच्या नऊ दप्तरांत. कणा मोडलेला, सेलोटेपने सांधलेला, पानोपानी पिवळा हायलायटर फिरलेला. बर्डीच्या बाजारात तुमच्यासाठी होणारी गर्दी पाहिली तर कुठल्याही कवीला हेवा वाटेल.

ऐंशी मार्कांच्या पेपरात कवितेचं रसग्रहण चार मार्कांचं. मुद्दे ठरलेले: कवी आणि शीर्षक, आशय, अलंकार, वैशिष्ट्यं, संदेश, शेवटी स्वतःचं मत. चार मार्कांसाठी अख्खी कविता वाचायची, केवढा हा अन्याय! तो तुम्ही दूर केलात. रसग्रहणातलं ग्रहण तुम्ही सूर्याला लागतं तसं लावलंत.

'फादर रिटर्निंग होम' घ्या. दिलीप चित्रे आपले, मराठीतले. तुकोबांना 'सेज तुका'मधून इंग्रजीत नेणारे. ही कविता मात्र त्यांनी थेट इंग्रजीत लिहिली, 1980 च्या 'ट्रॅव्हलिंग इन अ केज' संग्रहातली. लोकलने रात्री उशिरा घरी येणारा बाप, ओले कपडे, चिखलाच्या चपला, पांचट चहा, शिळी पोळी आणि त्याच्याशी धड न बोलणारी पोरं. हा बाप गाडीतून उतरतो तिथे उपमा शोधायला कवी चंद्राकडे जात नाही की समुद्राकडे जात नाही. तो व्याकरणाकडे जातो. एक लांब वाक्य आणि त्यातून गळलेला शब्द, बस.

अलंकार आणि व्याकरण एकाच ओळीत भेटायचं भाग्य शिकवणाऱ्याला वर्षातून एकदा मिळतं. आणि तुम्ही छापलंत: 'लाइक हा शब्द आला आहे, म्हणून उपमा.' झालं. शब्द गळला तरी वाक्य थांबत नाही, तसंच पुढे चालत राहतं, दुखणं तिथे आहे. पण दुखणं परीक्षेला नाही. (मुक्तछंदातल्या या कवितेखाली एकीने 'ए ए बी बी' अशी यमकरचनाही ठोकून दिली. ती शेजारच्या पानावरच्या कवितेची होती. तुमची छपाई फार दाट असते.)

माझे आजोबा तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर इंग्रजी शिकले, मी रेन अँड मार्टिनवर. त्यातल्या रेनने 'बो जेस्ट' नावाची कादंबरीही लिहिली. व्याकरण लिहिणाऱ्याला गोष्ट सांगता येते हे शाळेत मला पटत नसे. मोठेपणी पटलं. तुमच्याकडे पाहून पुन्हा पटेनासं झालंय.

व्याकरणात तुमची खरी जादू 'टू' काढण्याची. 'टू' दिसला की 'सो', मागोमाग 'दॅट', मग 'कॅननॉट'. अर्थाशी घेणंदेणं नाही, त्यामुळे वेळ वाचतो. एका पोराला विचारलं, "'टू' काढायचा काहून?" म्हणाला, "सूचनेत लिहून आहे ना, मॅडम." 'व्हेरी'त नुसतं प्रमाण असतं, 'टू'त तक्रार असते, एवढं एक वाक्य तुमच्या जाडजूड देहात मावलं नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता बेसा चौकात उभे राहा आणि उन्हातला 'टू' काढून दाखवा, गाईडभाऊ.

तुमचे धाकटे बंधू, तयार प्रोजेक्ट फाईल, यांनाही नमस्कार सांगा. पर्यावरणाच्या प्रकल्पात एकीने नाग नदीचं सर्वेक्षण केलं. पन्नास नागरिकांच्या मुलाखती, पन्नासही एकाच अक्षरात, एकाच निळ्या पेनाने. आणि निष्कर्षात अचानक पंचगंगा उगवली. कोल्हापूरची नदी नागपुरात आणणं भगीरथालाही जड गेलं असतं. संदर्भसूचीत एकच नोंद: इंटरनेट. म्हटलं, नदी एकदा बघून तरी ये, भर शहरातून वाहते. तर म्हणे, "वास येते ना जी, मॅडम." तिचं स्वतःचं निरीक्षण हे एवढंच, आणि ते फाईलमध्ये नव्हतं.

पण तुमचा सगळ्यात मोठा उपकार शेवटच्या मुद्द्यावर आहे. स्वतःचं मत. तेही तुम्ही छापून दिलंत! कविता हृदयाला भिडली, आईवडिलांचा आदर करावा असं मला वाटलं. नऊ वह्यांत नऊ वेळा वाटलं, स्वल्पविरामासकट. एकाने तर 'मला' ऐवजी 'विद्यार्थ्याला वाटले' असं लिहिलं. त्याला मी अर्धा मार्क जास्त दिला, प्रामाणिकपणाचा.

परवा याच पोराला तुम्हाला मिटायला लावलं आणि कविता मोठ्याने वाचायला दिली. त्याचे बाबा बुटीबोरीला कंपनीत आहेत, घरी यायला रोज उशीर होतो. चहापाशी तो अडखळला. मग म्हणाला, "आमचे बाबा पण जेवताना काही बोलत नाही. मीच मोबाईल घेऊन बसून राहतो." बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत होता. मग हळूच विचारलं, "मॅडम, हे 'युवर ओपिनियन'मध्ये लिहू काय? का तिथं गाईडातलंच लिहा लागते?"

तपासणारे कोण असतील, त्यांच्या टेबलावर किती गठ्ठे असतील आणि त्यांच्या हाताशीही तुम्हीच असाल का, सगळं डोळ्यांपुढून गेलं. उद्या सांगते, म्हटलं. तेव्हा उत्तर उलट टपाली कळवावे.

आपली,
नऊ पोरांची मॅडम
बेसा, नागपूर